मरोळची गार खोली

मुलुंड (पूर्व),
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय वसुधाताई,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचल्याचं तुझं कार्ड आलं. चकल्या मऊ पडल्या असतील तर तो पोस्टाचा दोष, माझा नाही. आई म्हणते, बंगलोरला एकटी राहून वसुधा आता खवचट झालीय. मी म्हटलं, आधीपासूनच होती.

तुझ्या ओळखीने मरोळच्या कंपनीत चिकटले, त्याला दीड महिना झाला. तू फॅक्टरी पाहिलेली नाहीस म्हणून सांगते. इथे कापडाचे गंधकी रंग बनतात, काळे आणि निळे. पुढे ऑफिस, मागे शेड, शेडच्या मागे सांडपाण्याचा मोठा हौद. शेड आणि हौदाच्या मधे जुनी स्टोअर-रूम होती, ती नंदकिशोर सरांनी संगणकासाठी करून घेतली. भिंतींना सनमायका, खाली लिनोलियम आणि खिडकीत एसी! अख्ख्या कंपनीत दोनच एसी, एक मॅनेजर म्हणून सरांना आणि एक मला. म्हणजे संगणकाला. ऑफिसातल्या बायका मला गार खोलीची महाराणी म्हणतात.

आता रड ऐक. कुठला रंग किती वेळ, किती तापमानाला शिजवला याच्या नोंदी मशीनवर घ्यायच्यात. त्यासाठी मी कोबॉलमध्ये प्रोग्रॅम लिहायचा. पण कोबॉलच मशीनवर चढत नाही. भाषाच नाही तर लिहू कशात? चार फ्लॉप्या आहेत. पहिली नीट जाते, दुसरी अडखळत जाते, तिसरीला वाट लागते. पडद्यावर येतं, डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए. अबॉर्ट, रिट्राय, इग्नोर? मी रिट्राय दाबते, ड्राइव्ह घरघरतो आणि परत तेच विचारतो. काल मोजून एकवीस वेळा दाबलं. पंधरा डिसेंबरला दिल्लीहून मोठे ग्राहक येणार आहेत, त्यांना सरांना हे सगळं चालताना दाखवायचंय. माझी प्रोबेशन तोवरच आहे.

माझ्या आधी शरच्चंद्र म्हणून एक जण होता, तो ऑगस्टमध्ये सोडून गेला. तुझ्याच वर्गातला ना तो? त्यालाही कोबॉल चढवता आलं नव्हतं म्हणे.

बाकी मजेत. सुरुवातीला खोलीत सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, मी रुमालाला कोलनवॉटर लावून बसायचे. आता अजिबात येत नाही, बहुतेक काहीतरी दुरुस्त केलं असावं. हौदावर धाकू म्हणून काका आहेत, कणकवलीकडचे, आधी गिरणीत होते, संपानंतर इथे लागले. ते म्हणाले, "बाय, ह्या खोलयेत बसा नको. हंय उंदीर पण रवत नाय." मी म्हटलं, काका, उंदीर नाहीत म्हणूनच तर बसते!

संध्याकाळी डोकं जरा धरतं. पडद्याकडे बघून असेल. चष्मा लागणार बहुतेक. काय करू ते लवकर लिही.

तुझी,
क्षमा


बंगलोर,
१८ नोव्हेंबर १९८६

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

चार पानांचं पत्र, त्यात मशीनबद्दल सात ओळी. मला निदान करायचंय आणि तू मला लिनोलियम आणि उंदीर सांगतेस. डॉक्टरकडे जाऊन पेशंट शेजारणीची भांडणं सांगतो, तसं झालं. यापुढे फक्त मशीनचं लिही. काय केलं, किती वाजता, पडद्यावर अक्षर न् अक्षर काय आलं. डोकेदुखी मावशीला सांग, ती सुंठ उगाळून लावेल.

आता ऐक. आधी दोष कुठे आहे ते वेगळं करायचं. फ्लॉपीत, ड्राइव्हमध्ये, का आतल्या कार्डात? त्याच चार फ्लॉप्या दुसऱ्या एखाद्या मशीनवर चालवून बघ. अंधेरीत तुझ्या क्लासमधली कोणीतरी नोकरीला आहे ना, तिच्याकडे जा. तिथे चालल्या तर फ्लॉप्या निर्दोष. मग ड्राइव्हचं हेड स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पूस. मग मशीन बंद करून, प्लग काढून, झाकण उघड. ड्राइव्हची केबल ज्या कार्डाला जाते ते कार्ड उपसून त्याच्या कडेच्या पट्ट्या बघ. काळपट असतील तर पेन्सिलीच्या खोडरबराने घास. व्होल्टेज मोजून घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

शरच्चंद्रचं मनावर घेऊ नकोस. कॉलेजातही त्याचं दर परीक्षेला काहीतरी दुखायचं.

ही नोकरी तुझ्यासाठी मी शब्द टाकून मिळवलीय. नंदकिशोरला मी म्हटलंय, माझी बहीण चिवट आहे. मला खोटं पाडू नकोस.

वसुधा


मुलुंड,
२७ नोव्हेंबर १९८६

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं फक्त मशीनचं लिहितेय.

चारही फ्लॉप्या अंधेरीला मैत्रिणीच्या ऑफिसात पंधरा मिनिटांत चढल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. म्हणजे फ्लॉप्या चांगल्या.

हेड पुसलं. फरक नाही. व्होल्टेज सकाळी २२८, दुपारी २१९, संध्याकाळी २२५. इलेक्ट्रिशियन म्हणतो उत्तम आहे.

कार्ड काढलं. कडेच्या पट्ट्या काळ्या होत्या, तव्याच्या बुडासारख्या. खोडरबराने घासल्यावर चकचकीत झाल्या. मशीन लावलं आणि तिसरी फ्लॉपी पहिल्यांदा पूर्ण गेली! चौथी अर्ध्यात अडकली. दुसऱ्या दिवशी पहिलीसुद्धा जाईना. परत कार्ड काढलं तर परत काळपट.

सरांनी नवीन ड्राइव्ह मागवला. सोमवारी बसवला. तीन दिवसांत त्याचीही तीच गत.

एसी हेही मशीनच ना, म्हणून लिहिते. मी आल्यापासून त्याचा गॅस दोनदा गेला. मेकॅनिक म्हणाला, तांब्याच्या नळीला बारीक भोकं पडतायत. नवी नळी टाकूनही पडली. तो म्हणाला, एवढ्या वर्षांत असं पाहिलं नाही.

ग्राहक यायला अठरा दिवस उरले. काय करू?

बाकी तू लिहू नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही.

क्षमा


बंगलोर,
३ डिसेंबर १९८६

चि. क्षमास,
आशीर्वाद.

पत्र असं असावं! तुझ्या टिपणांवरून मला चित्र दिसायला लागलंय.

फ्लॉप्या चांगल्या, वीज चांगली, नवा ड्राइव्ह तीन दिवसांत खराब, पट्ट्या पुन्हा पुन्हा काळ्या. म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, हवेत आहे. मुंबईची खारी, दमट हवा. तांब्याची नळी गंजतेय तीही त्यानेच. खोलीला फटी असणार, जुनी स्टोअर-रूम म्हणालीस.

तेव्हा बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. दाराच्या फटीला रबरी पट्टी लाव. झरोका असेल तर पुठ्ठा ठोकून बंद कर. एसी सतत चालू, दार सतत बंद. तूही सारखी आत-बाहेर करू नकोस, एकदा बसलीस की जेवायच्या सुट्टीलाच उठ. प्रत्येक वेळी दार उघडलं की दमट हवेचा एक लोट आत जातो.

जुनं काळं पडलेलं कार्ड आणि पहिला ड्राइव्ह मला पार्सलने पाठव. इथे आमच्या संस्थेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुक्मिणी म्हणून माझी मैत्रीण आहे, तिच्याकडून ते मीठच आहे ना ते नक्की करून घेते. सरांना नवीन कार्ड आणायला सांग.

पंधरा तारखेला कोबॉल चालणार. मी सांगते ना!

वसुधा


मुलुंड,
१० डिसेंबर १९८६

प्रिय ताई,

पार्सल परवा रजिस्टरने टाकलं. खोली तू सांगितल्याप्रमाणे बंद केली. रबरी पट्टी लावली, झरोक्याला पुठ्ठा, वरून चिकटपट्टी. नवीन कार्ड बसवलं आणि सोमवारी दुपारी सव्वातीनला चारही फ्लॉप्या गेल्या. ताई, कोबॉल चढलं! मी दहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पडद्यावर नाव आलं, क्षमा. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले.

मंगळवारी सकाळी मशीन सुरूच झालं नाही. नुसता पंखा फिरतो. पडदा काळा.

आता तुझा नियम मोडून चार ओळी लिहिते, रागावू नकोस.

काल दुपारी मी टेबलाखाली वायर बघायला वाकले आणि पुढचं आठवत नाही. धाकूकाकांना दाराच्या काचेतून माझे पाय दिसले. त्यांनी मला उचलून बाहेर पायरीवर आणून बसवलं. दहा मिनिटांत मी ठीक झाले. सर म्हणाले, उपासतापास करत असशील. मी उपास करत नाही. डोळे चुरचुरतात, संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, इंद्रधनुष्यासारखी. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळेच. आईने माझे पैंजण बघितले, चांदीचे, ते कोळशासारखे झालेत. ती म्हणते अंगात उष्णता वाढलीय, रोज सब्जा पी. पिते.

धाकूकाका आता मला खोलीत जाऊच देत नाहीत, दाराशी उभे राहतात. मी त्यांना म्हटलं, काका, माझी नोकरी घालवाल. तर म्हणाले, "नोकरी गेली तर दुसरी गावतली, बाय."

ग्राहक आता बावीसला येणार आहेत. एक आठवडा मिळाला. मशीन सुरू कसं करू ते लिही. मी हरणार नाही, तुझा शब्द आहे.

क्षमा


तार
बंगलोर, १६ डिसेंबर १९८६

कार्ड तपासले. संगणकाच्या खोलीत विषारी वायू. त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. सविस्तर पत्र मागाहून. वसुधा.


बंगलोर,
१६ डिसेंबर १९८६, संध्याकाळ

क्षमा,

तार मिळाली असेलच. त्याआधी दोन तास कंपनीत ट्रंक कॉल लावून बसले होते. लागला तेव्हा कोणी तरी म्हणालं साहेब मिटिंगमध्ये आहेत, आणि तुला बोलवायला सांगितलं तर लाइन गेली.

रुक्मिणीने कार्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि मला विचारलं, "हे कुठे होतं? गटारात?" मी म्हटलं, एका एसी खोलीत. तिने पट्टीवर कसल्याशा द्रावणाचा थेंब टाकला, थेंबातून बुडबुडे उठले. ते मीठ नाही, क्षमा. तांब्याचं सल्फाइड आहे. गंधकाच्या रंगांचं सांडपाणी आणि आम्ल एकाच हौदात गेलं की त्यातून वायू निघतो, सडक्या अंड्यांसारख्या वासाचा. तुझा एसी हौदाच्या अंगाला आहे ना? तो बाहेरची हवा ओढत असला तर थेट हौदावरची ओढून तुझ्या तोंडावर सोडतोय.

मी तिला तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं. सुरुवातीला वास यायचा, आता येत नाही, हे वाक्य आल्यावर तिने माझ्या हातातून पत्र घेतलं आणि स्वतः वाचलं. ती म्हणाली, वास गेलेला नाही, तुझ्या बहिणीचं नाक गेलंय. हा वायू आधी नाक मारतो. मग माणसाला वाटतं सगळं ठीक झालं. डोळे, दिव्यांभोवतीची कडी, चक्कर, चांदी, सगळं तेच. तू सगळं लिहिलं होतंस. मी तुला लिहू नको म्हणाले.

आणि दार बंद कर, फटी बुजव, उठू नको, हेही मीच म्हणाले.

आणखी एक लपवलंय, ते आज सांगते. शरच्चंद्रने नोकरी सोडताना मला पत्र लिहिलं होतं. डोळ्यांना त्रास होतो, डोकं फुटतं, त्या खोलीत काहीतरी वाईट आहे, तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर पाठवू नकोस, असं स्पष्ट लिहिलं होतं. मला वाटलं कामचुकारपणा. मी त्याला उत्तरही पाठवलं नाही आणि त्याच महिन्यात नंदकिशोरला तुझं नाव सुचवलं.

उद्यापासून कामावर जाऊ नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि त्यांना वायूचं सांग. अण्णाकाकांना घेऊन नंदकिशोरला भेट, एकटी जाऊ नकोस.

ता. क. रुक्मिणीने एक गोष्ट बजावून सांगितलीय. हौदात कोणी उतरायचं नाही, गाळ ढवळायचा नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साठून राहतो. खाली तो इतका दाट असतो की एका श्वासात माणूस पडतो, आणि त्याला काढायला उतरणाराही पडतो. हे तिथल्या सगळ्यांना सांग. तारेत हे घालायचं मला सुचलं नाही.

वसुधा


मुलुंड,
२७ डिसेंबर १९८६

ताई,

तुझी तार मला सतरा तारखेच्या संध्याकाळी मिळाली. पत्र बावीसला मिळालं. मधल्या दिवसांत काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

अठराला मी आणि अण्णा सरांकडे गेलो. मी तार त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वाचली आणि हसले. "बंगलोरला बसून तुझ्या बहिणीला माझ्या फॅक्टरीतला वास आला?" अण्णा म्हणाले, "साहेब, माझी पोरगी बेशुद्ध पडली होती." मी सांगितलं, त्या खोलीत मी बसणार नाही. मशीन पुढे ऑफिसात आणा, मी तिथे काम करते. ते म्हणाले, ग्राहकांना काय दाखवू, फायलींच्या ढिगात ठेवलेला संगणक? मग विचार करून म्हणाले, "ठीक आहे. हौदाचा वास येतो ना? हौद साफ करून घेतो. मग तरी बसशील?"

ताई, मला बरं वाटलं. ते ऐकतायत असं वाटलं. मी म्हटलं, हो सर, मग बसेन.

वीसला शनिवारी मला बोलावलं, काम झालेलं बघून जा म्हणून. मी दहा वाजता पोचले. हौदातलं पाणी पंपाने उपसून झालं होतं, खाली काळा गाळ उरला होता. धाकूकाका हाफपँट घालून, कमरेला पंचा बांधून शिडीशी उभे होते. त्यांच्याबरोबर काशीराम म्हणून त्यांच्याच गावचा, भावकीतला होता, तो वरून बादली ओढणार होता. मला बघून काका हसले. म्हणाले, "इलंस बाय? तुझ्याच कामाक उतरतंय हां. आता बस गार खोलयेत, राणी कशी."

ते उतरले. तीन-चार पायऱ्या मला त्यांचं डोकं दिसत होतं. मग खाली फावडं गाळात गेल्याचा आवाज आला, एकदाच. मग काही नाही. ओरडले नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत. काशीरामने वाकून बघितलं आणि "धाकू! ए धाकू!" करत तो शिडीवर पाय टाकायला लागला.

तुझं पत्र तेव्हा मला मिळालेलं नव्हतं. माझ्याकडे फक्त विषारी वायू हे दोन शब्द होते. मला एवढंच दिसलं की धाकूकाका, माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीचा माणूस, एक हाक न मारता पडला. मी काशीरामला मागून धरलं. त्याच्या शर्टाला, मग कमरेला. तो मला शिव्या देत होता, कोपराने मारत होता, माझा ओठ फुटला. "सोड गो, माझो भाऊ आसा तो!" मी सोडलं नाही. मी ओरडत राहिले, दोरी आणा, कोणी खाली जाऊ नका. शेडमधली दोन माणसं धावून आली आणि त्यांनी त्याला माझ्याबरोबर धरून ठेवलं.

बंबवाले आले तेव्हा सव्वा तास झाला होता. त्यांनी तोंडाला नळ्या लावून काकांना वर काढलं. तोंड गाळाने भरलेलं होतं.

काशीराम पायरीवर बसला होता, ज्या पायरीवर काकांनी मला आणून बसवलं होतं. तो मला म्हणाला, "तुमी माका सोडलास आसतां तर तो वाचलो आसतो."

बावीसला तुझं पत्र मिळालं. ता. क. मी शेवटी वाचला, कारण तो शेवटी होता. आईने मला आत नेऊन निजवलं.

तुला दोष देत नाही. हौद साफ केल्यावर बसेन असं मी म्हणाले होते. तेही खरंच आहे.

क्षमा


बंगलोर,
३ जानेवारी १९८७

क्षमा,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं आणि वाचून झाल्यावर घरी आले. दोन दिवस बाहेर पडले नाही.

तू दोष देत नाहीस, पण मी माझा हिशेब मांडलाय आणि तो तू पुसू नकोस. तारेत आणखी चार शब्द मावले असते.

आता काय करता येईल ते लिहिते. रुक्मिणीने तपासणीचा अहवाल लिहून सही केलीय. आमच्या प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, खाजगी कंपनीच्या भानगडीत संस्थेचं नाव नको. रुक्मिणीने तो तिच्या स्वतःच्या नावाने, साध्या कागदावर पुन्हा लिहिला. कार्ड आणि ड्राइव्ह तिच्याकडेच सीलबंद आहेत. शरच्चंद्रला मी पत्र टाकलंय, पाच महिने उशिरा. तो आता सोलापूरला असतो, डोळे अजून पूर्ण बरे नाहीत. त्याचं उत्तर आलं. त्याने मला एकही कडू शब्द लिहिला नाही. जे झालं ते तो लिहून द्यायला तयार आहे.

तू सध्या काहीच करू नकोस. कशावर सही करू नकोस, कोणाशी बोलू नकोस. मी रजा काढून येते, मग आपण काय ते ठरवू. तोवर माझं ऐक.

वसुधा


मुलुंड,
२ फेब्रुवारी १९८७

प्रिय ताई,

तू वीसला येतेस हे वाचून आईने तुझी गादी उन्हात टाकली. पण तू येईपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं. हे विचारत नाहीये, कळवतेय.

गेल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं की धाकू कोणाच्याही हुकमाशिवाय, दारू पिऊन हौदात उतरला. खाली सहीसाठी तीन जागा. पहिल्या जागेवर काशीरामचा अंगठा होता. सर म्हणाले, "फोर्टच्या ऑफिसात नवीन मशीन येतंय, सहाव्या मजल्यावर, समुद्र दिसतो. तू तिथे जा. कोबॉल तुलाच येतं." मी कागद वाचला. मी म्हटलं, सर, काकांनी सकाळी चहासुद्धा घेतला नव्हता. साफ करायला तुम्ही सांगितलंत आणि मी हो म्हटलं. ते लिहा, मी सही करते.

त्यांनी कागद ओढून घेतला. मला दुसऱ्या दिवशी गेटवरच पत्र दिलं, वाढवलेली प्रोबेशनही समाधानकारक नाही म्हणून.

त्याच दिवशी मी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेले. तीन तास बाकावर बसवलं. मग एका वयस्क साहेबांनी आत घेतलं आणि मी पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं, वासाचं, उंदरांचं, एसीचं, चांदीचं, फ्लॉप्यांचं. तू मला लिहू नको म्हणाली होतीस ते सगळं त्यांनी लिहून घेतलं. तू पाठवलेला रुक्मिणीबाईंचा अहवाल दिला. शरच्चंद्रने सोलापूरहून लिहून पाठवलेलं पत्र अण्णांनी नक्कल करून दिलं. शुक्रवारी ते स्वतः मरोळला गेले. हौद आणि ती खोली दोन्हीला सील लागलंय. खटला होईल म्हणतात. किती वर्षं चालेल ते सांगत नाहीत. शेजारच्या गाळ्यांतही तसलेच हौद आहेत, ते त्यांनी बघितले का म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, बाई, आम्ही चार माणसं आहोत.

माझे डोळे सुधारतायत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाचायचं नाही. हे पत्र अण्णा लिहून घेतायत, मी सांगतेय.

शेवटचं. काल मी भांडुपला धाकूकाकांच्या घरी गेले. एवढे दिवस धीर झाला नव्हता. सुगंधाकाकू दोन मुलींना घेऊन दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत खाटेवर काशीराम होता, रोज येतो म्हणे, बाजार आणून देतो. मला बघून उठून उभा राहिला. मी काकूंना सगळं सांगितलं. हौद साफ केला तर बसेन असं मी म्हणाले होते, ते पहिल्यांदा सांगितलं. काकूंनी मान वर केली नाही, हात चालू होते. मग त्यांनी विचारलं, "तेका तरास झालो?" रुक्मिणीबाईंनी सांगितलेलं, तुझ्या ता. क. मधलं, मला पाठ होतं. मी म्हटलं, नाही काकू. एक श्वास. त्यांना कळलंही नसेल.

धाकट्या मुलीने चहा आणला. मग काशीराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, ह्या बायेन माका धरून ठेवल्यान. नायतर मी तेका काढलंय आसतंय."

सुगंधाकाकूंनी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "धरल्यान म्हणान आज हंय बसान चाय पितंस."

काशीरामने कप खाली ठेवला. तोंडावर पंचा घेतला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. काकू उठल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, "बस गो. जेवन जा."

मी जेवले.

तुझी,
क्षमा